हारोची हाक

दोघांची पहिली गाठ पडली तेव्हा एलिझ केरिपेल चिखलात गुडघे टेकून बसली होती आणि ह्यू पार्जेटर तिचीच भिंत पाडायला आला होता. आता बोला!

आमच्या ग्वेर्नसी बेटावर शेजारच्या जागेत हॉटेल होणार होतं आणि एलिझच्या बाबांनी रचलेली दगडी भिंत वाटेत येत होती. भिंत आपल्याच हद्दीत आहे, असं हॉटेलमालक ठासून सांगत होता. एलिझने वाद घातला नाही. डोक्यावरचा रुमाल काढला, दोन गवंड्यांना साक्षीला धरलं आणि फ्रेंचमध्ये हाक दिली, "हारो, हारो, हारो! धाव रे माझ्या राजा, माझ्यावर अन्याय होतोय."

राजा इंग्लंडचा खरा, पण आम्हा बेटकऱ्यांना तो अजून फ्रान्सातल्या नॉर्मंडीचाच सरदार. म्हणून त्याला हाक मारायची ती फ्रेंचमध्येच. हाक झाली की कोर्टाचा निकाल लागेपर्यंत काम बंद, असा बेटाचा जुना कायदाच. गवंड्यांनी पहारी खाली ठेवल्या, टोप्या काढल्या.

पण हाकेमागून येशूने शिकवलेली प्रार्थनाही म्हणावी लागते, तीही फ्रेंचमध्ये, अख्खी; नाहीतर हाक फुकट. एलिझ जन्मभर इंग्रजीत बोललेली. 'आजची भाकर दे' इथवर आली आणि गाडं अडलं. हॉटेलमालक गालात हसला. बाबांची भिंत आता जाणार, या विचाराने तिचे डोळे भरून आले...

तोच शेजारून कुणीतरी पुढची ओळ पुटपुटलं – 'आमचे अपराध पोटात घाल.' मुकादम ह्यू! इंग्लंडहून खास पाडकामासाठी आणलेला. बघत होता मात्र समुद्राकडे, जणू त्या गावचाच नाही. तिने ती ओळ उचलली आणि प्रार्थना तडीस नेली.

संध्याकाळी तिने विचारलं, तर म्हणाला, आई फ्रान्सातल्या रुआं गावची. मला रागवायची ती फ्रेंचमध्ये.

"आणि नोकरी?"

"गेली. दुपारीच."

आभार मानायचे सोडून एलिझ म्हणाली, "मूर्ख आहात तुम्ही." अन् कानापर्यंत लाल झाली.

निकालाला तीन आठवडे लागले. ह्यू रोज यायचा, भिंतीचे हललेले दगड बसवायचा, लोणी लावलेला गोड पाव खायचा आणि भांडण उकरून काढायचा. एकदा म्हणाला, "गोठ्यात असते तोवर 'काऊ', ती आम्हा इंग्रजांची. ताटात आली की 'बीफ', तो शब्द तुम्हा फ्रेंचांचा. असं का हो?"

"राबायचं तुम्ही, जेवायचं आम्ही. ठरलेलंच आहे ते."

"मग जन्मभर राबायला लावा..." तो म्हणाला, आणि लगेच दगड शोधायला वाकला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळं ऐकलं होतं.

भिंत एलिझचीच ठरली. दुसऱ्या सकाळी गवंडी म्हातारा ऑजिए सांगत आला, ह्यू निघालाय, बेटावर त्याला आता कोण काम देणार! एलिझ तशीच धावली. धक्क्यावर झिमझिम पाऊस, हातात पेटी घेतलेला ह्यू. चारचौघांत तिने रुमाल काढला आणि गुडघे टेकले.

"हारो, हारो, हारो!"

"एलिझ, उठा. खोट्या हाकेला शिक्षा असते."

"खोटी कुठंय? तुम्ही चाललात, हा अन्यायच. त्या दिवशी एका ओळीसाठी तुम्ही नोकरी घालवलीत... बाबांची भिंत राहिली ती तुमच्यामुळे. आभार मानायचे राहूनच गेले. आणि तुम्ही मला हवे आहात, हेही सांगायचं राहिलं."

मग तिने प्रार्थना म्हटली – अख्खी, एकटीने. त्या ओळीवर ती हसली, पण अडली नाही.

बोटीचा भोंगा वाजला. ह्यूने पेटी खाली ठेवली, टोपी काढली.

"काम बंद," तो म्हणाला.