पंधरावं नाव

"मॅलॅकी, हे काही बरोबर नाही," माझ्या स्वयंपाकघरात शिरता शिरताच डॉनॅक भांडायला लागला. "पाच मिनिटं उशीर झाला मला. फक्त पाच! रस्त्यात गाय आडवी आली होती. फोन करून कळवलं की येतोय म्हणून. तरी तुम्ही माझं नाव संघाच्या यादीत घातलं नाहीत?"

"गाईला खेळवायला हवं होतं," क्लीना म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरी धावते."

सगळे हसले. पाच-सहा जण होते, सराव आटपून पायाला चिखल तसाच घेऊन आलेले. बाहेर अंधार पडला होता. मी किटली चुलीवर ठेवली आणि पाव कापायला घेतला.

"माणूस डोळ्यांसमोर उभा असल्याशिवाय मी नाव लिहीत नाही," मी म्हणालो. "तुझंच नाही, कुणाचंच नाही."

"पण का?"

फर्गल जिवंत होता तोवर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंच तसा शब्द माझ्याकडून घेतला होता. आता फर्गलला जाऊन वर्ष होत आलं.

"दार लावून घे, डॉनॅक," मी म्हणालो. "आणि बस."

फर्गल मॅकगॉवन तेव्हा आमच्या किलद्रीना क्लबचा चिटणीस होता. आता तळ्याच्या दोन्ही काठांचा मिळून एक संघ आहे, म्हणून तुम्ही एका टेबलाशी बसून माझा पाव खाताय. तेव्हा तसं नव्हतं. या काठाला किलद्रीना, त्या काठाला कॉरलॅक. लग्नाकार्यातसुद्धा आम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. दोन्ही क्लब ज्युनियर स्पर्धेत, म्हणजे काउंटीतल्या सगळ्यात खालच्या गटात. त्याच्या खाली काही नाही, नुसती ओली माती.

आमची पोरं सिडनीला गेली, बोस्टनला गेली, उरली ती डब्लिनला गेली. आपल्या गेलिक फुटबॉलला पंधरा माणसं लागतात, सॉकरसारखी अकरा नाहीत. आम्ही दुधाची गाडी चालवणाऱ्याला खेळवायचो, बेचाळीस वर्षांच्या मास्तरांना गोलात उभं करायचो. शेवटी त्या उन्हाळ्यात सभेत ठरलं: गटातला शेवटचा सामना कॉरलॅकशी, आपल्याच मैदानावर. त्याला संघ उभा राहिला, तर क्लब आणखी एक वर्ष चालवायचा. माणसं कमी पडून सामना सोडावा लागला, तर कुलूप.

ते मैदान फर्गलच्या आजोबांनी हातानं दगड वेचून केलं होतं. फर्गलला मूलबाळ नव्हतं. त्याला क्लब होता.

तर शुक्रवार, अकरा ऑक्टोबर, सन दोन हजार एकोणीस. संध्याकाळी साडेसातला फर्गल एकटाच क्लबवर गेला. दुसऱ्या दिवशीची यादी लिहायची आणि जर्सी मांडून ठेवायच्या, एवढंच काम. दर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तो ते करायचा. यादीत नावं आयरिशमध्ये लिहायची असतात, आणि फर्गलचं अक्षर असं की पंच यादी घरी नेऊन बायकोला दाखवायचे.

चौदा नावं लिहून झाली. पंधरावं नव्हतं. शेवटचा एक होता त्याचा घोटा बुधवारी सुजला.

त्यानं बहिणीच्या नवऱ्याला फोन लावला. पॅकी, रॉसकॉमनचा. तिथल्या क्लबात त्याची नोंदणी होती, म्हणजे आमच्याकडून खेळणं नियमाबाहेर.

"उद्या इकडे येऊन खेळशील?"

"मी? सत्तेचाळीसचा आहे मी, फर्गल. गुडघा दाराच्या बिजागरीसारखा वाजतो."

"धावायचं नाही रे. कोपऱ्यात उभा राहा. पंच काउंटीच्या दुसऱ्या टोकाचा आहे, तो कुणाला ओळखत नाही."

"आणि नाव?"

"नावाचं मी बघतो."

नोंदणीत एक नाव होतं. कॉर्मॅक गिलब्राइड.

कॉर्मॅक आमच्या डाव्या कोपऱ्यात खेळायचा, पंधरा नंबर. त्याच्या तीन वर्षं आधी होडी उलटून तळ्यात गेला. तेविसाचा होता. पाणबुड्यांनी नऊ दिवस शोधलं, काही मिळालं नाही. त्याची आई डेलिया नंतरच्या जानेवारीत, नोंदणी नव्यानं होताना, फर्गलच्या दारात आली होती. म्हणाली, "माझ्या पोराचं नाव खोडू नकोस, फर्गल. थडगं नाही त्याला. नाव तरी कुठंतरी असू दे." फर्गलनं शब्द दिला, आणि पाळला. डेलिया आमच्या प्रत्येक सामन्याला यायची. डाव्या कोपऱ्याच्या मागं, कठड्याला टेकून उभी राहायची. कुणाशी बोलायची नाही.

फर्गलनं ते नाव पंधरावं म्हणून लिहिलं.

मग तो जर्सी मांडायला लागला. त्याची एक सवय होती. बाकावर जर्सी ठेवताना नंबर आणि नाव मोठ्यानं पुकारायचा, म्हणजे चूक होत नाही. एक, दोन, तीन... प्रत्येकाचं नाव. चौदा झाली. पंधरावी त्यानं खुंटीला अडकवली.

"पंधरा. कॉर्मॅक गिलब्राइड."

आणि आंघोळीच्या खोलीतून, अंधारातून, कुणीतरी म्हणालं,

"आलो."

"कुणीतरी चेष्टा केली असेल," डॉनॅक म्हणाला.

"फर्गलनंही स्वतःला तेच समजावलं," मी म्हणालो. "त्यानं मोबाइलचा उजेड पाडला. खोली रिकामी होती. फरशी कोरडी होती. तो कुलूपसुद्धा न लावता घरी आला."

"मग नाव खोडायचं ना!" क्लीना म्हणाली.

नाव खोडलं की चौदाच राहत होते, पोरी. रात्रभर ती यादी त्याच्या खिशात होती. सकाळी त्यानं ठरवलं, नळाचा आवाज असेल.

सामना शनिवारी, संध्याकाळी साडेसातला. आपल्या दिव्यांचं तुम्हाला माहीत आहे. अर्धं मैदान उजळतं, तळ्याकडचा कोपरा अर्धवट काळोखात राहतो. पाऊस नव्हता. तीन दिवस थेंबही पडला नव्हता. थंडी मात्र अशी, की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. मी त्या बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन उभा होतो. डेलिया तिच्या जागी, माझ्यापासून वीस पावलांवर.

पॅकी आला नाही. आम्ही चौदा जणांवर सुरुवात केली. तशी परवानगी आहे. पण उत्तरार्ध सुरू व्हायच्या आत पंधरा जण मैदानात उतरलेच पाहिजेत.

मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी मागं होतो. पंच फर्गलकडे आला. "यादीत पंधरा आहेत. पंधरावा कुठाय?"

"रस्त्यात आहे."

"मी शिट्टी वाजवेन तेव्हा तो मैदानात हवा. नसला तर सामना संपला."

कॉरलॅकची मंडळी पलीकडून ओरडत होती. "गाढव आहे का एखादं? आणा त्यालाच!" "मास्तरीणबाईंना उतरवा!" आमचे सगळे रस्त्याकडे बघत होते.

पंचानं शिट्टी तोंडाशी नेली.

आणि मास्तर गोलातून ओरडले, "आला! आला!"

काळोखातल्या कोपऱ्यात एक माणूस उभा होता. आमची जर्सी. पाठीवर पंधरा. रस्त्याच्या बाजूनं कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. पण पॅकी असणार, दुसरा कोण? पंचानं मोजले. पंधरा. शिट्टी झाली.

फर्गल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हसत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "मॅलॅकी, वाचलो रे," म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आवाज मलाही ऐकू आला.

"फर्गल, माफ कर बाबा. बॉयल गावापाशी टायर बसलं. अजून तासभर तरी... हॅलो? फर्गल?"

फर्गलनं फोन कानापासून खाली घेतला. बंद केला नाही. आम्ही दोघांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

तो हलत नव्हता. जर्सी अंगाला चिकटली होती. ओली. हाताच्या बोटांवरून पाणी गळत होतं. बाकी सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

त्याच्या नाही.

त्याला अडवायला कॉरलॅकचा एक पोरगा होता. दारा. हो, डॉनॅक, तुझाच भाऊ. तो पळत माझ्याकडे आला. "मला दुसरीकडे टाका."

"मी नाही रे टाकत. तुमच्या माणसांना सांग."

"मी त्याला खांदा मारला," दारा म्हणाला. दात वाजत होते त्याचे. "खांदा आत गेला."

"आत?"

"आत... सगळं पाणी."

तुझा भाऊ मग सरळ चालत मैदानाबाहेर गेला. पुन्हा फुटबॉलला पाय लावला नाही त्यानं. विचार त्याला. सांगणार नाही, पण विचार.

खेळ चालू होता. त्या कोपऱ्याकडे चेंडू कुणी मारत नव्हतं. मग कुणाचा तरी पाय चुकला. चेंडू तिकडे उडाला. त्यानं हात वर केले... चेंडू घेतला. वळला. डावा पाय मागं नेला. आमच्यात तसा एकच जण मारायचा. जरा वाकून, डावा खांदा पाडून.

चेंडू खांबांमधून गेला. एक गुण.

कुणी टाळी वाजवली नाही. एवढी शांतता मी फुटबॉलच्या मैदानावर कधी ऐकली नाही.

आणि त्या शांततेत डेलिया बोलली. ओरडली नाही. पोरगं शाळेतून आल्यावर आई बोलते तसं.

"कॉर्मॅक. भिजलास किती रे."

त्यानं खेळाकडे पाठ केली.

चालत निघाला. तिच्याकडे. गवत दबत नव्हतं. मी झेंडा धरून बघत राहिलो.

तो कठड्याशी पोचला. त्यानं हात पुढं केला. कठडा धरला.

डेलियानं एक पाय वर टाकला. साठी उलटलेली बाई. लोखंडी कठड्यावर पाय टाकून पलीकडे यायला निघाली. चेहऱ्यावर हसू. "थांब रे," म्हणत होती. "थांब. आले मी. आले."

पलीकडे मैदान. कोपऱ्याला लागून तळं.

तेव्हा फर्गल धावला. तिच्याकडे नाही. पंचाकडे.

"नाव खोडा!"

"काय?"

"पंधरावं नाव. खोटं आहे ते. मी लिहिलंय. खोडा!"

"शुद्धीवर आहेस का? नाव खोडलं तर तुमचा सामना..."

"मेलेला माणूस आहे तो! खोडा, देवाशपथ, खोडा!"

पंचानं कोपऱ्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं, पोरांनो. त्याच्या हातून पेन दोनदा पडलं. मग त्यानं यादी मांडीवर धरली... आणि रेघ ओढली.

कोपरा रिकामा.

डेलिया कठड्यावर अर्धी वाकलेली. दोन्ही हात पुढं. हातात काही नाही.

मी धावत जाऊन तिला धरलं. अंग तापलं होतं तिचं, आणि बाह्या कोपरापर्यंत थबथबल्या होत्या. फर्गल आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"आधी तळ्यानं नेला," ती म्हणाली. "आता तू नेलास."

त्यानंतर ती फर्गलशी कधीच बोलली नाही.

सामना तिथंच संपला. जर्सीच्या खोलीत गेलो तर पंधरा नंबर खुंटीलाच होती. कोरडी. पुढच्या आठवड्यात फर्गलनं स्वतःच्या हातानं क्लबला कुलूप लावलं आणि किल्ली कॉरलॅकला नेऊन दिली. मला एकदा म्हणाला, "मॅलॅकी, मी तिला वाचवलं का रे? की पोराला दुसऱ्यांदा बुडवलं?"

किटली कधीची उकळत होती. कुणी उठलं नाही. मीच उठून ती उतरवली.

"आणि डेलिया?" क्लीनानं हळूच विचारलं.

"गेली. या फेब्रुवारीत. घरात, आपल्या पलंगावर. झोपेत."

"मग... संपलं ना?"

मी कप मांडले.

"त्या सामन्यानंतर दर वसंतात मी कठड्याला पांढरा रंग देतो," मी म्हणालो. "तळ्याकडच्या कोपऱ्यात एका जागी तो धरत नाही. खरवडून पाहिलं, दोन-दोन हात देऊन पाहिले. सकाळी तिथं गंज वर आलेला असतो. चार बोटं आणि एक अंगठा. मैदानाच्या बाजूनं कठडा धरल्यासारखा."

डॉनॅकनं दाराकडे पाहिलं.

"या मार्चमध्ये रंग दिला. सकाळी बघायला गेलो. तो हात होताच. आणि त्याच्यावर, पलीकडच्या बाजूनं, दुसरा हात होता. लहान. बोटात अंगठी असल्याची खूण होती."