पाय काढू नका

खरं प्रेम कशावरही अवलंबून नसतं. इंदापुरातलं एक मात्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चाललं होतं.

एप्रिल अठ्ठ्याण्णव. दुपारी दोनला लाईट गेली. एका लहानशा प्रसूतिगृहात, काचेच्या पेटीत कुशाबाईंचा नातू होता — आठव्या महिन्यातच आलेला, दीड किलोचा. पेटीत ऊब राहायलाच हवी होती. इन्व्हर्टरनं लगेच मान टाकली. सकाळच्या लोडशेडिंगला पेशंटच्या नातेवाइकांनी त्यावर टीव्ही लावून मॅच बघितली होती.

नर्स प्रतीक्षा धावत बाहेर आली. कडुनिंबाखाली ट्रॅक्टर, त्यावर कळस गावचा नागेश केळं खात बसलेला.

"बॅटरी चांगली आहे?"

"माजी का ट्रॅक्टरची?"

"आत बाळ गार पडतंय हो..."

नागेशनं केळं टाकलं. ट्रॅक्टर खिडकीला लावून बॅटरीच्या वायरी गजांतून आत इन्व्हर्टरला दिल्या. पेटीतला बल्ब तेवढा लागला.

"रेस कमी झाली की बल्ब मंदावतोय," ती म्हणाली. "पाय काढू नका."

"न्हाय काढत. तुमी हितंच थांबा — बल्ब बगाया."

ती थांबली. एक हात पेटीवर, नजर मधूनच बाहेर... गज थरथरत होते, तिच्या कानातले डूलही. कडुनिंबाचा मोहोर त्याच्या केसांत झरत राहिला. त्या दिवशी डिझेलच्या धुरालाही बरा वास होता.

"पाय दुखला का?"

"मला पाय हाय व्हय?"

ती हसली. लोणी भापकरची, शेतकऱ्याची मुलगी, एवढं त्यानं मधल्या वेळात काढून घेतलं होतं.

साडेपाचला बाळ गुलाबी होऊन खणखणीत रडलं. नागेशनं घसा साफ केला.

"तुमच्या घरी... मागणं घातलं तर चालंल?"

"घाला. पण साडेतीन तास पाय दाबून बसलो होतो, हे आमच्या आबांना सांगू नका."

"का?"

"आमच्याकडं हाच ट्रॅक्टर आहे. हाताचा अ‍ॅक्सिलरेटर ओढून ठेवला की माणूस खुशाल चहाला जातो."

नागेश कानापर्यंत लाल झाला. "मग... मगाशीच का न्हाय बोलला?"

"मी बल्ब बघत होते."

आतून कुशाबाई ओरडल्या, "अगं बाई, त्यो डोक्यावरचा पंखा बंद कर की! बाळंतिणीला कवाधरनं वारं लागतंय!"

लाईट पावणेपाचलाच आली होती.