आठव्या नंबरची वायर

ही गोष्ट माझ्या धाकट्या मामाची. गप्पांत मामा दहाचे शंभर करतो. पण ही सांगताना एक शब्द वाढवत नाही. उलट दरवेळी थोडी कमीच सांगतो.

म्हणून मला ती खरी वाटते.

मामा नेटवर्कची कामं करतो. एका वृद्धाश्रमात त्यानं सहा कॅमेरे आणि दोन फोन बसवले. एक फोन सिस्टरच्या टेबलावर. दुसरा व्हरांड्याच्या टोकाला, शेवटच्या खोलीतल्या आजींकडे. तिथून हाक ऐकू येत नाही म्हणून.

आठही वस्तूंना वीज एकाच चपट्या पेटीतून जायची, नेटच्याच वायरीतून. एका पांघरुणात आठ जणं. एकानं ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे. वीज कमी पडली तर आधी कुणाला सोडायचं, ते पेटीला सांगून ठेवावं लागतं.

मामानं सांगितलं, आठव्याला. आजींच्या फोनला.

भर दुपारी तपासलं. सगळं चालू. मामा घरी.

पण अंधार पडला की कॅमेरे आपले छोटे दिवे लावतात, आणि जास्त वीज ओढतात...

पुढच्या खेपेला आजी म्हणाल्या, "अरे वायरवाल्या, तुझा फोन संध्याकाळी मुका होतो बघ."

"दिवसभर तुमची बडबड ऐकून दमत असेल, आजी!"

आजी खळखळून हसल्या. मामाही हसला. कारण त्याला लगेच कळलं होतं. मोठी पेटी लागणार होती. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाला.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी संध्याकाळी आजी गेल्या. सापडल्या तेव्हा रिसीव्हर हातात होता.

लेक सामान न्यायला आली. मामा खोलीतली वायर गुंडाळत होता.

"सकाळी आमचं भांडण झालं होतं," ती सिस्टरला म्हणाली. "काही झालं की आई पहिला फोन मला करायची. त्या दिवशी केला नाही. रागातच गेली हो माझी आई..."

मामा वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली, तर सोडून पुन्हा गुंडाळली.



तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला, सिस्टरचा निरोप. "दादा, सगळे कॅमेरे गेलेत. लगेच या."

मामा पोचला. पेटीवरचे सात दिवे विझलेले.

आठवा जळत होता...

त्या भोकात तर वायरच नव्हती.

मामानं लॅपटॉप लावला. कुणीतरी क्रम बदलला होता. वीज द्यायला आठवा सगळ्यांत पहिला. पासवर्ड एकट्या मामाकडे. आणि सगळी वीज त्या रिकाम्या भोकातून चालली होती... कुठे, कोण जाणे.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

तोही याच पेटीवरचा. तोही बंद पडलेला.

पडद्यावर शेवटच्या खोलीचा नंबर.

"मी नाही उचलणार," सिस्टर भिंतीला टेकली. "तुमचं यंत्र, तुम्हीच उचला."

मामानं उचलला. आवाज नाही. फक्त टक्... टक्... टक्... कुणीतरी बटणं दाबून दाबून थकल्यासारखं.

"आजी?"

टकटक थांबली. कॅमेरे एकेक करून उजळले.

चार संध्याकाळी हेच. पाचव्या सकाळी मामानं आजींच्या लेकीला फोन लावला.

"ताई, तुमच्या आईनं फोन केला असणार. लागला नाही. मला माहीत होतं, आणि मी हसण्यावारी नेलं."

पलीकडून हुंदका. मग फोन ठेवला गेला.

त्याच दुपारी मामानं पेटी भिंतीवरून उतरवली. मोठी बसवायच्या आतच अंधार झाला. जुनी त्याच्या मांडीवर होती, प्लग काढलेली. नवी अजून खोक्यात.

साडेसहाला त्याचा मोबाइल वाजला. लेक होती.

"दादा, आत्ता आईच्या नंबरवरून फोन आला. तुम्ही काही तपासत होता का?"

मामानं मांडीवरच्या पेटीकडे पाहिलं.

"कुणी बोललं नाही," ती म्हणाली. "पण मी बोलले. सगळं बोलून घेतलं. मग पलीकडून हळूच ठेवला... आई ठेवायची ना, तसा."

त्यानंतर वृद्धाश्रमात काही घडलं नाही. सगळं सुरळीत चालू आहे.

मामा मात्र साडेसहाला जिथे असेल तिथे गप्प होतो.

"लेकीचं आजींनी ऐकून घेतलं," परवा तो म्हणाला. "मी रोज थांबतो रे... मला अजून फोन आला नाही."