न वाळलेला निळा

संध्याकाळी चहाला बोलवायला धाकटीने दार ढकललं तेव्हा तिला आधी निळा ट्रे दिसला, मग बहीण.

थोरली कामाच्या टेबलाशेजारी आडवी पडली होती. कानशिलावरचं रक्त काळं पडलं होतं. टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यालाही तसाच डाग होता. धाकटीने हाकसुद्धा मारली नाही. ती वर गेली, गॅस बंद केला, चहाचं भांडं उतरवून ठेवलं आणि मग पोलिसांना फोन लावला.

"डोळ्यांत टिपूस नाही, मॅडम," हवालदार कुजबुजला.

इन्स्पेक्टर बाई खोली बघत होत्या. ठेंगण्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. खात्यात त्यांच्या पाठीमागे त्यांना 'मुंगी' म्हणत. एकदा वाटेला लागल्या की त्यांना वळवणं अवघड.

तळमजल्यावरची ही खोली म्हणजे थोरलीचं रेझिनचं वर्कशॉप. दोन पातळ द्रव एकत्र ढवळायचे, रंगाचे थेंब घालायचे, साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी काचेसारखी कडक वस्तू हातात येते. ट्रे, घड्याळं, टेबलांचे पृष्ठभाग. तिचा खोल समुद्रासारखा निळा लोक लांबून मागवायचे. रेझिन नीट घट्ट व्हावं म्हणून कोपऱ्यात हीटर चालू होता. मास्क खिळ्याला लटकत होता. थोरलीचे हात उघडे आणि स्वच्छ होते. कचऱ्याच्या डब्यात निळा माखलेला कागदी पेला होता, वापरलेले हातमोजे मात्र नव्हते.

बाईंनी काडीने ट्रेला स्पर्श केला. पाकासारखी तार निघाली.

इतक्यात थोरलीचा नवरा आला. कामानिमित्त सकाळीच परगावी गेला होता, फोन मिळताच खांद्यावरच्या बॅगेसकट धावत परतला होता. तो उंबऱ्यावरच थांबला. मग ट्रेकडे बघत पायरीवर बसला.

"ओला आहे अजून," तो म्हणाला.

"काय?"

"ट्रे. म्हणजे दुपारीच ओतला असणार तिने. मी निघालो तेव्हा टेबल रिकामं असेल."

"असेल म्हणजे? तुम्ही पाहिलं नाहीत?"

"मी वरूनच निघालो. हे दार बंद असलं की आमच्याकडे कुणी उघडत नाही. धूळ बसते, माल खराब होतो, मग तिचा पारा चढतो. चढायचा."

"प्रवासाचं तिकीट आहे?"

त्याने बॅग पुढे घेतली. चेन अर्ध्यावर अडकली. त्याने जोर लावला, बोटं पँटला पुसली आणि तिकीट काढून दिलं. सकाळचं होतं. पुढे चौकशीत परगावच्या चार माणसांनी तो दिवसभर तिथेच असल्याचं सांगितलं.

डॉक्टरांचं उत्तर मोघम होतं. खोली तापलेली, मृत्यू सकाळी झाला की दुपारी, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. ढकलल्यामुळे डोकं आपटलं, एवढं नक्की.

दुपारी घरात धाकटीशिवाय कुणीच नव्हतं. त्यात शेजारीण सांगून गेली, की आदल्या दिवशी दोघी बहिणी कडाकडा भांडल्या होत्या. नवरा म्हणाला, मला यातलं काही ठाऊक नाही.

"कशावरून?" बाईंनी चौकीत धाकटीला विचारलं.

"ताईला इथून जायचं होतं. भावोजींना सोडून. दुसऱ्या गावात वर्कशॉप काढायचं, आणि मी बरोबर जायचं. मला न विचारताच ठरवलं तिने. मी ओरडले."

"काय ओरडलात?"

"की मी तुझी बाहुली नाही."

"भावोजींना हे माहीत होतं?"

"ताईने सांगितलं नव्हतं. शेवटी सांगणार होती."

"दुपारी खाली गेला होतात?"

"नाही. सकाळी बाजारात होते, आले तर खालचं दार बंद. मग मी झोपले."

"कुणी पाहिलं?"

"झोपलेल्या माणसाला कोण बघतं?" धाकटी सपाट आवाजात म्हणाली. तिला राग आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे ती दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत होती.

"हिलाच आत टाकायची का मॅडम?" ती गेल्यावर हवालदाराने विचारलं. "सगळं हिच्याकडेच बोट दाखवतंय."

"बोट कुणाचं आहे, ते बघू आधी," बाई म्हणाल्या.

नवऱ्याचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. वर्कशॉपचं सील कधी काढणार? तो ट्रे तरी टाकून देऊ का? वास घरभर पसरलाय, डोकं दुखतं.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. मग उठून वर्कशॉपकडे गेल्या.

त्यांनी पुन्हा काडी लावली. पुन्हा तार निघाली.

त्यांनी धाकटीला खाली बोलावलं. "ताईचा निळा रंग तुम्हाला येतो?"

"येतो."

"करून दाखवाल? थोडासाच. पेलाभर."

धाकटीने मास्क बांधला, नवे हातमोजे चढवले. तिच्या हातांना सगळं ठाऊक होतं. ती स्वतः कुठे होती कोण जाणे. दोन्ही द्रव मोजून घेतले, कडेने सावकाश ढवळले. निळ्याचे मोजके थेंब. मग काळ्याचा एकच.

"काळा?"

"त्यानेच खोल दिसतो. नवखी माणसं नुसता निळाच ओतत सुटतात. गडद होतो, पण खोल होत नाही."

"आणि जास्त ओतला तर काय होतं?"

"कडकच होत नाही. कायमचा चिकट राहतो. ताई शिकाऊ मुलींना रोज ओरडायची. घरात पाठ झालं होतं सगळ्यांना."

"आता या ट्रेसारखा दिसेल एवढा रंग दुसऱ्या पेल्यात घाला."

धाकटीने पहिल्यांदाच ट्रेकडे नीट पाहिलं. मग रंगाची बाटली उजेडात धरली. अर्धी रिकामी.

"हा ताईने नाही केलेला," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

दोन्ही पेले झाकून, खोलीला पुन्हा कुलूप घालून बाई निघाल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या पेल्यावर नख वाजलं. दुसऱ्यात काडी रुतली.

त्याच दिवशी बाई वरच्या बैठकीत नवऱ्यासमोर बसल्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. हवालदार दारात.

"तुमची प्रवासाची बॅग आणा," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"आणा तर खरं."

बॅग आली. हवालदाराने चेनच्या दातांवरून पांढरा कापूस फिरवला. कापसाला निळा चिकटला.

"घरात रेझिनचं काम चालतं," नवरा म्हणाला. "लागला असेल कधीतरी."

"कधीतरी लागलेला आतापर्यंत दगड झाला असता. हा ओला आहे. असा न वाळणारा निळा त्या दिवशी या घरात एकदाच तयार झाला, त्या ट्रेसाठी. संध्याकाळी तुम्ही उंबरा ओलांडला नाहीत, त्यानंतर खोलीला सील आहे. मग सकाळी खाली न आलेल्या माणसाच्या बॅगेवर तो कसा आला?"

"मी सांगते. तुमच्या बायकोचे हात स्वच्छ होते, मास्क खिळ्यावर होता. तिने त्या दिवशी रेझिनला हातच लावला नव्हता. ट्रे तुम्ही सकाळी ओतलात, ती खाली पडलेली असताना. नेहमीचं मिश्रण संध्याकाळपर्यंत आळलं असतं आणि ते सकाळचं आहे हे कळलं असतं. तुम्हाला दिवसभर ओलं राहणारं काहीतरी हवं होतं. ते कसं करायचं, हे तुम्ही तिच्याच तोंडून रोज ऐकत होतात. हातमोजे काढून बॅगेत कोंबलेत आणि बाहेर नेऊन टाकलेत. हीटर वाढवून निघालात. ट्रे ओला आहे हे मला कुणी सांगितलं? तुम्ही. तो टाकून द्यायची घाई कुणाला झाली? तुम्हाला. दुसऱ्या दिवशी कुणी पुन्हा काडी लावून बघेल, एवढंच तुमच्या ध्यानात आलं नाही."

"हे... हीपण करू शकते," त्याने मेहुणीकडे पाहिलं.

"दुपारी घरात एकटी असलेली बाई मुद्दाम दुपारचाच पुरावा तयार करेल? दुपारी मृत्यू झाला असं ठरलं, तर सुटणारा माणूस एकच. आणि त्या भांडणाबद्दल तुम्हाला काही ठाऊक नाही म्हणालात. भिंतीपलीकडच्या शेजारणीला ऐकू गेलं, घरातल्या माणसाला नाही?"

"मी फक्त विचारायला गेलो होतो," अखेर तो म्हणाला. "कधी सांगणार होतीस म्हणून. ती म्हणाली, निघताना. एवढंच. मान वर करूनसुद्धा बघितलं नाही तिने. मी खांद्याला धरून ढकललं. एकदाच ढकललं."

"मग डॉक्टरला बोलवायचं होतं."

"श्वास नव्हता."

"आणि मेहुणीवर आळ?"

हवालदाराने त्याला उठवलं. जिन्यावरून पावलं उतरत गेली, खाली गाडीचं दार लागलं.

धाकटी भिंतीपाशीच होती. बाईंनी कागद आवरले, टोपी उचलली, तरी ती हलली नाही.

"तुमच्याकडे कुणाला बोलवू? मावशी, आत्या, कुणी?"

"आत्या येतेय." मग बाईंकडे वळून, "मॅडम, मला अजून रडू येत नाही. ताईला नेलं तेव्हाही नाही, आत्ताही नाही. माझं काही बिघडलंय का?"

"नाही."

"येईल?"

बाईंनी टोपी परत टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसल्या.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "आत्या येईपर्यंत मी आहे."