न लावायचा कोपरा

शाळेच्या पत्राला तोकुजींनी उत्तर दिलंच नव्हतं. 'तुमच्या भातखाचराची हुबेहूब आभासी प्रतिकृती करून मुलांना शेतीची गोडी लावावी म्हणतो. काही हरकत?' एवढंच त्यात होतं.

हरकत होती. खाचराचा वरचा कोपरा पिढ्यान्‌पिढ्या कुणी लावला नव्हता. तिथली रोपं लावणाऱ्याच्या अंगात मूळ धरतात, असं गावात बोललं जाई. पण हे शिकलेल्या मास्तरला लिहायचं कसं, या संकोचात सबंध वसंत सरला.

शाळेत त्यांच्या खाचराची लावणी सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा मात्र ते तावातावाने वर्गात शिरले. मुलं डोळ्यांवर जाडजूड चष्मे चढवून कोरड्या फरशीवर वाकली होती, हवेत रोपं खोवत होती. त्यांत तोकुजींची नात चिनात्सुही होती.

"न विचारता केलंत, सर?"

"विचारलं होतं की," हिरानो सर हसले. "तुम्ही गप्प राहिलात. गावात गप्प राहणं म्हणजे होच ना, आजोबा?"

"आणि वरचा कोपरा?"

"तोही लावला. चिनात्सुनेच. ओसाड कशाला ठेवायचा?"

"आबा, तिथला चिखल कोमट आहे," चिनात्सु वाकल्या वाकल्याच म्हणाली.

"चष्मा काढ. चल घरी."

"चित्र आहे हो ते नुसतं," सर म्हणाले. "हरकत असेल तर लेखी द्या, टपालाने. सोमवारी कापणी आहे. आमचं भात झटपट पिकतं."

तिचा हात धरून ते थेट खाचरावर गेले. कोपरा लावलेला होता. वेड्यावाकड्या ओळी, चिखलात लहान पावलं. आत गेलेली. बाहेर आलेली एकही नाही.

तोकुजींचं डोकं फिरलं. ते चिखलात उतरले आणि एक रोप त्यांनी मुळासकट उपटलं.

"आबा, दुखतंय."

बांधावर चिनात्सु डोक्याला हात लावून उभी होती. बोटांत केसांची बट आली होती. बटेच्या मुळांना चिखल होता.

त्यांनी रोप परत खोवलं. हळूच.

घरी येऊन ते लिहायला बसले. मास्तरवर राग, त्याहून जास्त स्वतःवर. 'हरकत आहे. वरच्या कोपऱ्याला विळा लावू नका.' या दोन ओळींसाठी एवढे महिने.

लाल टपालपेटीपर्यंत चिनात्सु सोबत आली. पाकीट आत पडल्याचा आवाज झाला.

"पोचेल ना सोमवारच्या आत?" तिने मान वर करून विचारलं.

उन्हात तिच्या केसांची टोकं पिवळी दिसत होती. वारा नव्हता, तरी ती एका बाजूला झुकली होती, भरल्या लोंब्यांसारखी.