चार बटणांची प्रेस

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली आमची छोटी फॅक्टरी जर्मन गाड्यांच्या मोटर्समध्ये बेअरिंग बसवायची. यंदा जर्मनीतला तो गाड्यांचा कारखाना बंद पडला. हजारो माणसं घरी बसली आणि आमच्याही ऑर्डरी आटल्या. त्या कारखान्याच्या लिलावातून आमच्या मॅनेजरने, ग्रॅहमने, बेअरिंग दाबून बसवायची एक प्रेस स्वस्तात उचलली.

प्रेस दोघांची होती. समोरासमोर दोन स्टुलं, प्रत्येकापुढे दोन बटणं. चारही एकदम दाबली तरच दट्ट्या खाली यायचा, म्हणजे कुणाचाच हात आत सापडू नये. एका बाजूला मी, समोर देविका.

बस बनवणारी एक कंपनी काम बघायला येणार होती. ऑर्डर मिळाली तर आम्ही दोघी राहणार, नाहीतर दोघींनाही नारळ. माझा तर व्हिसाही नोकरीलाच बांधलेला. पण मी हट्टी आहे. नागपूरहून इथवर आले ती रडत परत जायला नाही.

पाहुणे येणार त्याच दिवशी खंडेनवमी होती. सकाळी प्रेसला हळदकुंकू लावलं. झेंडू मिळाला नाही, सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती वाहिली. "या, बसा, एवढं काम पार पाडा," असं मनापासून म्हणाले. तेवढ्यात देविकाचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं.

"मनालीताई, मायराला ताप आली. नर्सरीने घरी पाठवली. आय ॲम सो सॉरी, मी नाही येऊ शकत."

पाहुणे दारात होते. प्रेस हलणार नाही हे ठाऊक असूनही, निदान पद्धत दाखवावी म्हणून मी मोटर ठेवली आणि माझी दोन बटणं दाबली.

दट्ट्या खाली आला.

समोरची बटणं अडकली असणार, असं मला वाटलं. वळसा घालून पाहिलं. दोन्ही वर होती, मोकळी. हाताला कोमट लागली. तिथे ग्रीस काढायच्या साबणाचा वास येत होता, संत्र्याचा. आमच्याकडे तसला साबण नाही.

परत बसले. दाबलं. समोरची दोन्ही बटणं माझ्याबरोबरच आत गेली. देविकाच्या स्टुलाची उशी मधोमध दबलेली होती. जो कोणी होता, त्याला काम येत होतं. मोटर नीट बसेपर्यंत थांबायचा. मला घाम फुटला होता, पण उठले नाही. पाहुणे खूश झाले.

संध्याकाळी ग्रॅहम म्हणाला, "ऑर्डर मिळाली. पण तू तर एकटीने चालवलीस. मग देविका कशाला हवी?"

"चार बटणांना चार हात लागतात. देविका नाही, तर मीही नाही."

घरी आईचा फोन आला. तिला पूजेचं सांगितलं.

"मशीन सुरू करायच्या आधी उत्तरपूजा केलीस ना?"

"नाही गं. वेळ कुठे होता?"

"अगं, मग बसवलेल्याला उठवलं कोणी?"

दुसऱ्या दिवशी मी अक्षता घेऊनच निघाले. देविकाला वाटेत सगळं सांगितलं. ती हसली नाही. कार पार्कमध्येच प्रेसचा आवाज ऐकू आला.

"आपण दोघी इथे आहे," देविका म्हणाली. "मग कोण चालवतंय?"

आत ग्रॅहम एकटाच उभा होता, हात मागे बांधून. दोन्ही स्टुलं रिकामी. दोन्ही उशा दबलेल्या. चारही बटणं आत जात होती, बाहेर येत होती. ट्रेमध्ये मोटर्स ओळीने लागत होत्या, आमच्यापेक्षा नीट.

"तुम्ही दोघी घरी जा," तो हलकेच म्हणाला.

"ही जागा आमची आहे," मी म्हणाले.

मूठ उघडली, अक्षता टाकल्या. "या आता. तुमचं काम झालं. निघा."

दट्ट्या अर्ध्यावर थांबला.

देविकाने माझा हात धरला.

कोणीच उठलं नाही. दोन्ही उशा आणखी खोल दबल्या, सावरून बसावं तशा, आणि प्रेस पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा भरभर.