कयाधूकाठची सपाट वाट

प्रेमदास राठोड पाटबंधारे खात्यातून ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झाला, हिंगोलीत घर बांधून राहिला, आणि वर्ष सरायच्या आत त्याच्या बायकोला लकव्याचा झटका आला. जिवनबाईचं तोंड सुधारलं, हात सुधारला. डावा पाय तेवढा मागं ओढत राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालवा, पण चढ नको आणि उतारही नको. सपाटीला चालवा.

हिंगोलीला जिल्हा होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जिकडं तिकडं नळाच्या नाहीतर गटाराच्या नाल्या खणून ठेवलेल्या. धड्या माणसाचा पाय मुरगळायचा, तिथं जिवनबाईची काय कथा. शेवटी प्रेमदासनं कयाधूच्या काठावरची वाट शोधून काढली. पुलाच्या खालच्या अंगानं निघून ती नदीच्या वरच्या बाजूला जात होती. एका हाताला हळदीची रानं, दुसऱ्या हाताला नदी. पुरानं आणून टाकलेली माती बसून घट्ट झालेली, खडा नाही की काटा नाही. कालव्यांच्या लेव्हली घेण्यात, जमिनीचा चढउतार मोजण्यात उमर गेलेला माणूस तो. डोळे बारीक करून त्यानं वाट पाहिली आणि खूष झाला. इतकी सपाट जमीन त्याला कालव्याच्या कामावरही क्वचितच मिळाली होती.

रोज सकाळी दोघं निघायची. तिचा हात त्याच्या दंडावर. वाट एका जुन्या बाभळीपाशी वळणाआड जायची, तिथून दोघं परत फिरायची. दिवाळीनंतर आणखी दोघांची ओळख झाली. एक नासेरभाई, बाजारातले जुने शिंपी, दम्यानं पिचलेले. दुसरे अमृतराव, कंबरेचं ऑपरेशन झालेले, हातात वेताची काठी. चौघांचंही एकच म्हणणं होतं, की या वाटेवर दमायला होत नाही. नासेरभाई तर गल्लीतल्या मशिदीपर्यंत जाताना दोनदा बसायचे, पण इथं बोलत बोलत चालायचे.

जिवनबाईचा पाय सुधारत चालला. तिनं आधी नवऱ्याचा दंड सोडला, मग त्याच्या पुढं चालायला लागली. घरी परतल्यावर मात्र ती खाटेवर पडायची ती दुपारपर्यंत उठायची नाही. प्रेमदासलाही परतताना पोटऱ्या भरून यायच्या. आपलं वय झालं, असं तो धरून चालला.

एके सकाळी अमृतराव चपलेचा अंगठा नीट करायला वाकले. त्यांनी काठी वाटेवर आडवी ठेवली. काठी हलली, आणि सावकाश पुढं घरंगळायला लागली. वारा नव्हता. सगळे हसले. नासेरभाई म्हणाले, तुमच्याहून तिलाच चालायची घाई दिसते. काठी थांबली नाही. तिचा वेग कमीजास्तही झाला नाही, एकाच गतीनं ती बाभळीपर्यंत गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. हसणं कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

प्रेमदास नदीकडं बघत होता. पाणी समोरून त्यांच्याकडं येत होतं. म्हणजे ते चालत होते ती बाजू उंचावर असायला हवी, आणि काठी तर तिकडंच गेली होती. माळावर डोळ्यांना उताराचा चढ दिसतो, हे त्यानं नोकरीत पाहिलेलं होतं. त्यानं तसं सांगितलंही. अमृतराव काठी आणायला म्हणून पुढं गेले. बिनकाठीचे, ताठ, एखाद्या तरण्या माणसासारखे.

ते परत आले नाहीत.

त्यांची वाट बघून तिघं घरी आली. दुपारी त्यांच्या घरून विचारणा झाली. संध्याकाळपर्यंत लोकांनी नदीकाठ पालथा घातला, डोहात गळ टाकले. दुसऱ्या दिवशी पोलीस वळणापलीकडं जाऊन आले. पलीकडं गव्हाचं शेत होतं, त्यापुढं बांध, त्यापुढं रस्ता. माणूस हरवावा असं तिथं काहीच नव्हतं.

नासेरभाईंचं येणं बंद झालं. प्रेमदास चौकशीला गेला तेव्हा ते ओसरीवर बसलेले होते, दम लागलेला. त्यांनी फातिमाबीला, आपल्या बायकोला, आत चहा ठेवायला पाठवलं आणि मग हळू आवाजात विचारलं, "साहेब, वापस येताना चढ लागते का तुमाला?"

प्रेमदासचा हात आपसूक पोटरीकडं गेला.

"मी शेवटच्या दिवशी खाली बघितलं," नासेरभाई म्हणाले. "मी पाय उचलतच नव्हतो. नुसता उभा होतो, अन् चालून राहिलो होतो."

प्रेमदासनं घरी येऊन बायकोला सांगितलं, उद्यापासून नदीला जायचं नाही. कारण सांगायला त्याला लाज वाटली. जिवनबाईनं नुसती मान डोलावली. संसारात ती कधी फार बोललीच नव्हती. सकाळी त्याला जाग आली तेव्हा दार उघडं होतं आणि तिची खाट रिकामी होती.

धुकं पडलेलं होतं. हळदीच्या पानांवरून दहिवराचं पाणी टपटप गळत होतं, एवढाच आवाज. प्रेमदास वाटेला लागला आणि पहिल्याच पावलाला त्याला भीती वाटली, कारण पाऊल फार सोपं पडलं. दुसरं त्याहून सोपं. छातीत धाप नव्हती, गुडघ्यात कळ नव्हती. बाभळीच्या अलीकडं त्याला तिचं हिरवं लुगडं दिसलं.

"जिवन, थांब."

ती मागं वळली नाही. "आवं, दुखत न्हाई आता," ती म्हणाली. तिचा आवाज लग्नाच्या वेळच्या पोरीसारखा होता. "काहून थांबू?"

त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं. दोन्ही पावलं जुळलेली होती. लुगड्याचा काठ हलत नव्हता. ती उभी होती, आणि दूर जात होती.

त्यानं थांबायचा प्रयत्न केला. पाय थांबले. तो थांबला नाही.

बाभळ जवळ आली. वळणापलीकडं गव्हाचं शेत नव्हतं. वाट तशीच सरळ पुढं गेली होती, सपाट, धुक्यात विरेपर्यंत. तिच्यावर माणसं होती. म्हातारी, पांगळी, एक कडेवर लेकरू घेतलेली बाई. सगळी पाठमोरी. सगळ्यांचे पाय जुळलेले. आणि कुणाच्याच पायाचा आवाज नव्हता.

त्यांच्यात अमृतराव होते. त्यांच्या शर्टावर दहिवर साचून पांढरं झालं होतं.

प्रेमदासनं एका हातानं बाभळीचं मूळ धरलं आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट. विहिरीत लोंबणारं माणूस ओढावं तसं त्यानं तिला ओढलं. ती रडायला लागली. लेकरागत हट्टानं म्हणत राहिली, सोडा मला, सोडा. त्यानं सोडलं नाही.

परतीची वाट त्यानं तिला ओढत पोटावर कापली. त्या सपाट मातीत नखं रुतवून, गवताचे ठोंब धरून, कडा चढावा तसा. पुलाजवळ शेळ्या घेऊन आलेल्या बाईनं या दोघांना मातीत सरपटताना पाहिलं आणि ती शेळ्या तिथंच टाकून पळाली.

जिवनबाई त्यानंतर चालली नाही. दोन्ही पाय गेले. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. प्रेमदासनं तक्रार केली नाही. तिचं न्हाणंधुणं, खाणंपिणं तो स्वतः करायचा, आणि दाराला आतून कुलूप घालायचा. हळूहळू ती बोलायला लागली, भाकरीला मीठ कमी पडलं की सांगायला लागली. संक्रांत झाली, हळद शिजवायचे दिवस आले, गावभर तो वास पसरला. प्रेमदासला वाटलं, निभावलं.

अशाच एका दुपारी त्यानं चहा केला. तिला उशीला टेकून बसवलं, कपबशी तिच्या हातात दिली. कप तिनं सरळ धरला होता. तरी चहा एका बाजूनं बशीत सांडत होता.

त्यानं वाकून पाहिलं. कपातला चहा तिरपा उभा होता. नदीकडच्या कडेला भरलेला, अलीकडं तळ दिसेल इतका उतरलेला. जिवनबाई त्याच्याकडं बघत होती, शांत. त्यानं कप तिच्या हातातून काढून फरशीवर ठेवला. चहा सपाट झाला. पुन्हा तिच्या हातात दिला. चहा हळूच कलला.

"प्या ना," ती म्हणाली, "तुमचा गार होईल."

प्रेमदासनं स्वतःचा कप उचलला. त्यानं डोळे मिटून घेतले, आणि तो चहा तसाच, न बघता पिऊन टाकला.